गच्चीवरच्या अँटेनासाठी पाईप कुठला घ्यायचा: मुंबईचा वारा आणि खारी हवा धरून

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "दीड इंची जीआय पाईप द्या, वीस फूट" (जीआय म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड) एवढंच म्हणालात की समोरचा विचारतो क्लास ए, बी का सी, आणि नवीन माणूस तिथेच अडतो, मग तो म्हणतो "मजबूत असेल तो द्या" आणि दुकानदार गोडाऊनमध्ये जो पुढे पडलाय तो काढून देतो. पाईप चुकीचा आला हे त्या दिवशी कळत नाही, ते कळतं वळवाच्या पहिल्या वाऱ्यात, रात्री, गच्चीवरून आवाज आल्यावर. मी हॅम रेडिओवाला, म्हणजे छंद म्हणून लायसन्स घेऊन रेडिओवर बोलणारा. आमच्या गोरेगावच्या गच्चीवर दोन मास्ट, म्हणजे अँटेना धरणारे उभे पाईप आहेत, एकावर टू मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) उभा अँटेना आणि दुसऱ्यावर चाळीस मीटर बँडच्या इन्व्हर्टेड व्ही चा, म्हणजे उलट्या व्ही सारख्या टांगलेल्या तारेच्या अँटेनाचा, मधला पॉइंट, शिवाय मित्रांच्या गच्च्यांवर उभे करायला गेलोय ते वेगळे. त्यातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे की मास्ट वरून सहसा मोडत नाही, खालून मोडतो, जिथे तो धरलाय तिथे. म्हणून पाईप निवडताना वरच्या अँटेनाकडे बघत बसू नका, खालच्या क्लॅम्पपासून सुरुवात करा.

आधी मापं. दीड इंची पाईप कुठूनच दीड इंच भरत नाही, ते नुसतं नाव आहे, आतल्या पोकळीच्या जवळपासचं. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे बाहेरचा व्यास असा असतो: एक इंची ३३.७ मिमी, सव्वा इंची ४२.४, दीड इंची ४८.३ आणि दोन इंची ६०.३. क्लास कुठलाही असो, बाहेरचं माप तेच राहतं, फक्त पत्र्याची जाडी आतल्या बाजूने वाढते. दीड इंचीत ए म्हणजे लाइट २.९ मिमी, बी म्हणजे मीडियम ३.२ आणि सी म्हणजे हेवी ४ मिमी. दोन इंचीत २.९, ३.६ आणि ४.५. पाईपवर रंगाचा पट्टा असतो, पिवळा लाइट, निळा मीडियम, लाल हेवी, पण दुकानात तुकडा कापून देतात तेव्हा पट्टा असलेलं टोक दुसऱ्याकडे गेलेलं असतं, त्यामुळे व्हर्नियर कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) खिशात ठेवा आणि कापलेल्या टोकाला जाडी मोजा, एका जागी नाही, तीन-चार जागी. वजन करून बघता येत असेल तर अजून उत्तम, दीड इंची बी क्लास मीटरला साधारण साडेतीन किलो भरतो आणि दोन इंची बी क्लास पाच किलो. सहा मीटरच्या पूर्ण पाईपचं वजन दीड इंचीत २१ किलोच्या आसपास आणि दोन इंचीत ३० किलो. यात मोठा फरक आला तर क्लास दुसराच आहे.

यू क्लॅम्प घेतानाही हेच लक्षात ठेवायचं, कारण "दोन इंची क्लॅम्प" म्हणून काही जण खरोखर ५० मिमीचा देतात आणि तो ६० च्या पाईपवर जातच नाही. पाईपचा बोटभर तुकडा बरोबर घेऊन नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात गेलं की बरं पडतं, तिथे नट-बोल्ट आणि क्लॅम्प लावून बघून घेता येतात.

आता वाऱ्याचं. आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे तासाला १५८ किमी. एवढा वारा रोज येत नाही, पण १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ बाजूने गेलं तेव्हा मुंबईत १०० च्या वर गेलाच होता, आणि ते वादळ इथे धडकलं नव्हतं, समुद्रातून वर गुजरातकडे गेलं होतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० चा वारा १२० झाला की ढकलण्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. लोक म्हणतात "आमचा मास्ट पाच पावसाळे उभा आहे", ठीक आहे, पण त्या पाच पावसाळ्यांत चौपटवाला दिवस आलाच नसेल तर त्या उभं राहण्याचा पुरावा म्हणून फार उपयोग नाही.

मी एकदा बसून आकडेमोड केली, ती इथे देतो, कारण नुसतं "जाड घ्या" म्हणून काही समजत नाही. समजा क्लॅम्पच्या वर ५ मीटर पाईप मोकळा आहे, मास्टला बाजूंनी ओढून धरणाऱ्या ताणाच्या तारा नाहीत, टोकाला अर्धा चौरस फुटाएवढा वारा अडवणारा छोटा अँटेना आहे आणि वारा ४४ मीटरचा. दीड इंची बी क्लासमध्ये वरच्या क्लॅम्पपाशी लोखंडावर येणारा ताण होतो चौरस मिलिमीटरला जवळपास २५० न्यूटन. या पाईपचं लोखंड साधारण २०० च्या आसपास कायमचं वाकतं असं धरून चाला. म्हणजे गेला. आता हाच दीड इंची सी क्लास घेतला तर मजबुती वाढते १९ टक्के आणि वजन वाढतं २३ टक्के, आणि तरी ताण २१० च्या घरात, म्हणजे तोही काठावरच. पण दोन इंची बी क्लास घेतला तर मजबुती वाढते ७९ टक्के, वजन फक्त ४१ टक्के, आणि जाड पाईप वारा जास्त अडवतो हे धरूनसुद्धा ताण येतो १६५ च्या आत. बऱ्याच जणांचा पैसा चुकतो तो इथे, दीड इंचीचाच हेवी घेतात आणि वाटतं आता निश्चिंत. जाडी वाढवण्यापेक्षा व्यास वाढवा. आतल्या बाजूला चढवलेलं लोखंड वाकण्याविरुद्ध फार काम करत नाही, तेच लोखंड मध्यापासून लांब असेल तर करतं. जाड पत्र्याचा खरा फायदा गंजाला खायला जास्त माल मिळतो हा आहे, त्याबद्दल पुढे बोलूच. आणि हा सगळा हिशेब छोट्या अँटेनाचा आहे, मोठा यागी (आडव्या दांड्यावर ओळीने काड्या असलेला अँटेना) किंवा तीन मीटरचा लांब व्हर्टिकल चढवायचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ धरून नव्याने मांडा.

हा सगळा जोर शेवटी भिंतीत जातो आणि तो किती जातो हे दोन क्लॅम्पमधल्या अंतरावर ठरतं. वरच्या उदाहरणात दीड इंची पाईपला दोन क्लॅम्प एक मीटर अंतरावर लावले तर वरच्या क्लॅम्पवर साधारण १६० किलोचा ओढा येतो. तेच क्लॅम्प एक फुटावर लावले तर ४४० किलो. पाईप तोच, वारा तोच, फक्त क्लॅम्प जवळ घेतले म्हणून भिंतीतून फास्टनर उपटायची वेळ. वेल्डरला सांगितलं नाही तर तो सोयीसाठी फूटभरावरच दोन्ही ठोकतो, त्याला उंचीवर हात पुरत नसतो, म्हणून आधी खडूने भिंतीवर खुणा करून द्या. मोकळ्या पाईपच्या निदान पाचवा हिस्सा क्लॅम्पमध्ये असावा, जास्त मिळत असेल तर जास्त घ्या.

भिंत कुठली हेही बघा. गच्चीचा कठडा बऱ्याच बिल्डिंगमध्ये साडेचार इंची विटेचा असतो, त्याच्यावर मास्ट नको म्हणजे नको, पडला तर कठड्यासकट खाली जाईल आणि खाली माणसं चालत असतात. जिन्याची केबिन किंवा लिफ्टच्या मशीन रूमची भिंत बघा, त्यात आरसीसीचा कॉलम किंवा बीम शोधा आणि फास्टनर तिथे मारा, १२ मिमीचे. प्लास्टर वाजवून बघितलं की पोकळ कुठे आहे ते कळतं. स्लॅबमध्ये भोक अजिबात पाडू नका, वॉटरप्रूफिंग फुटलं की वरच्या मजल्यावर गळती सुरू होते, आणि मग सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये तुमचा अँटेना हा विषय, गळती तुमच्यामुळे असो वा नसो.

पुढचा प्रश्न मुंबईतच येतो आणि बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या माहितीत तो कधी दिसत नाही: वीस फुटी पाईप गच्चीवर न्यायचा कसा. लिफ्टमध्ये तो जात नाही, जिन्याच्या वळणावर वीस फूट वळत नाही, दहा फूटसुद्धा जुन्या चाळीच्या रुंद जिन्यात जातो पण टॉवरच्या फायर जिन्यात तिरका करून, रेलिंगच्या मधल्या फटीतून उभा काढत न्यावा लागतो. चार मजल्यांची बिल्डिंग असेल तर बाहेरून दोरीने ओढता येतो, पण त्यासाठी वर दोन माणसं, खाली दोन आणि खालची जागा मोकळी करून वॉचमनला उभं करायला हवं, आणि तीस किलोचा पाईप हवेत वाऱ्याने फिरतो तेव्हा खिडक्यांच्या काचांची काळजी घ्यावी लागते. त्यामुळे नव्वद टक्के घरी पाईप दहा-दहा फुटांचे दोन तुकडे करूनच वर जातो. दुकानदार कापून देतो. म्हणजे सांधा आला, आणि सांधा आला की मोडायची दुसरी जागा आली.

प्लंबर सांगणार सॉकेट लावू, दोन्ही टोकांना आटे पाडू, अर्ध्या तासाचं काम. पाण्याच्या लाइनीला ते बरोबर आहे, मास्टला नाही. दीड इंची पाईपचे आटे जवळपास दीड मिमी खोल जातात, म्हणजे ३.२ मिमीच्या पत्र्यातला साधारण निम्माच माल आट्यांच्या मुळाशी उरतो, वर त्या जागचं जस्त पूर्ण निघून जातं आणि उघडं लोखंड सॉकेटच्या आत पाणी धरून बसतं. अंधेरीला एका ओळखीच्या काकांचा मास्ट तौक्तेच्या दुपारी असाच गेला. खालची लांबी सरळ उभी, वरची लांबी आट्यांच्या शेवटच्या फेऱ्यात कापल्यासारखी तुटलेली, आणि तुटलेलं तोंड बघितलं तर अर्धा भाग आधीच तपकिरी, म्हणजे तडा जुना होता, वाऱ्याने फक्त उरलेला अर्धा तोडला. अँटेना शेजारच्या पत्र्यावर पडला, कोणाला लागलं नाही. ते तोंड मी हातात घेऊन बघितलंय म्हणून एवढं जीव तोडून सांगतोय, वाकण्याच्या जागी आट्याचा सांधा नको.

त्याऐवजी एक पाईप दुसऱ्यात घाला. पण कुठला कुठल्यात जातो हे आधी मापून घ्या, कारण इथेही नावं फसवतात. सव्वा इंची पाईप दीड इंची बी क्लासमध्ये जाणार असं वाटतं, पण सव्वा इंचीचा बाहेरचा व्यास ४२.४ आणि दीड इंची बी चं आतलं माप ४१.९, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने अडतो. आणि शिवण विसरू नका, वेल्डिंगची शिवण आतून थोडी वर आलेली असते, ती अजून जागा खाते. एक इंची पाईप सव्वा इंची बी मध्ये जातो, दोनेक मिमीची ढिलाई राहते, चालतं. दीड इंची दोन इंची बी मध्ये जातो पण आतलं माप ५३.१ आणि पाईप ४८.३, म्हणजे पावणेपाच मिमी मोकळं, तसाच ठेवला तर वाऱ्यात खडखडत राहील आणि रात्री झोपू देणार नाही. त्यावर उपाय सोपा आहे, दोन मिमीच्या जीआय पत्र्याची दोन-तीन इंच रुंद पट्टी कापायची आणि आतल्या पाईपला कड्यासारखी गुंडाळायची, एक कडं ओव्हरलॅपच्या खालच्या टोकाला, एक वरच्या तोंडाशी. मधे काही नाही भरलं तरी चालतं. ओव्हरलॅप दोन फूट ठेवा, लोक सहा इंचांत उरकतात, ते बघून मला खरंच भीती वाटते.

बोल्टची भोकं या ओव्हरलॅपच्या मधल्या भागात पाडा, खालच्या पाईपच्या तोंडाजवळ नको, कारण वरचा पाईप सगळ्यात जास्त तिथेच वाकतो. तसंच खालच्या पाईपला क्लॅम्पजवळ कुठलंही भोक नको. दोन १० मिमीचे आरपार बोल्ट, एकमेकांना आडवे, पुरतात. डबल नट किंवा नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला नट) लावा, स्प्रिंग वायसर लावून मोकळे होऊ नका.

अशी रचना केली की खाली दोन इंची दहा फूट, वर दीड इंची दहा फूट, मधे दोन फूट गेले, खाली तीन फूट क्लॅम्पमध्ये, म्हणजे क्लॅम्पच्या वर पंधरा फूट मिळतात. वर पातळ पाईप चालतो कारण तिथपर्यंत वाकवणारा जोर निम्म्याहून कमी झालेला असतो, शिवाय पातळ पाईप वारा कमी अडवतो म्हणून खालच्या क्लॅम्पलाही आराम. तेवढ्याच उंचीला एकसारखा दोन इंची लावला तर ताण १४० च्या आसपास जातो, आणि अशी दोन टप्प्यांची रचना साधारण १२५ मध्ये भागते. वर उचलायलाही हलकी. मुंबईतल्या साध्या गच्चीसाठी मी सांगायचं झालं तर हेच सांगेन, आणि यापेक्षा उंच हवं असेल तर पाईप जाड करत बसू नका, ताणाच्या तारा लावा.

तारांबद्दल थोडक्यात. तीन तारा १२० अंशांवर, चार असतील तर अजून बऱ्या. नायलॉनची दोरी नको, ती ओली झाली की सैल पडते आणि दोन उन्हाळ्यांत हातात चुरा येतो, उन्हाला टिकणारी पॉलिस्टर दोरी घ्या किंवा जीआयची पिळाची तार, तार असेल तर मधे अंडा इन्सुलेटर (वीज अडवणारा अंड्याच्या आकाराचा तुकडा) घालून तुकडे करा नाहीतर ती स्वतःच अँटेनासारखी वागायला लागते. तारेचं टोक पाण्याच्या टाकीच्या पाईपला, डिशच्या स्टँडला किंवा बिल्डिंगच्या वीजरोधक पट्टीला बांधायचं नाही. इन्व्हर्टेड व्ही च्या दोन बाजू म्हणजे ताणाच्या तारा नव्हेत, त्या फक्त एका रेषेत ओढतात, दुसऱ्या दिशेने वारा आला की काही उपयोग नाही.

आता गंज, कारण मुंबईत वाऱ्याआधी पाईपला गंजच गाठतो. जीआय नावाखाली दुकानात दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक, पाईप तयार करून मग वितळलेल्या जस्तात बुडवलेला, हा आतून-बाहेरून जस्ताचा, रंग जरा मळकट राखाडी, कधी कधी टोकाला जस्ताचे ओघळ दिसतात. दुसरा, आधीच जस्त चढवलेल्या पत्र्यापासून वळवलेला, याला जीपी पाईप म्हणतात, दिसायला चकचकीत आणि एकसारखा, भाव कमी, पण जस्ताचा थर बराच पातळ आणि शिवणीवर वेल्डिंग करताना तो जळलेला असतो, वरून नुसता फवारा मारलेला. जीपी पाईप शेड, ग्रिल, कपडे वाळत घालायच्या स्टँडला ठीक आहे. वरळी, दादर चौपाटी, वर्सोवा, मढ, अशा समुद्राला लागून असलेल्या ठिकाणी त्याची शिवण एका पावसाळ्यात लाल रेघ दाखवायला लागते, मुलुंड-भांडुपकडे जरा जास्त टिकतो. चकचकीत दिसतो म्हणून चांगला असं समजून लोक तोच घेऊन येतात आणि खूश असतात, हे मला दर वर्षी दिसतं.

बुडवलेला घेतलात तर मग त्याला वेल्डिंग करू देऊ नका. टाका मारला की त्या जागचं जस्त जळून जातं, आणि जस्ताचा तो पांढरा धूर श्वासात गेला की माणसाला संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, बंद जिन्यात तर हे काम अजिबात नको. शक्य तेवढं बोल्ट आणि क्लॅम्पवर भागवा. कापलेली टोकं, पाडलेली भोकं, पान्याने खरवडलेली जागा, सगळीकडे झिंक रिच पेंटचे दोन हात, साधा चंदेरी रंग नाही, त्यात जस्त नसतं, तो फक्त चंदेरी दिसतो.

वरच्या टोकाला झाकण हवंच. प्लास्टिकचं मिळतं, नाही मिळालं तर पीव्हीसीची कॅप घट्ट बसवा. उघड्या तोंडातून चार महिने पाऊस आत पडतो आणि खाली साचतो, आणि बरेच जण खालचं टोक सिमेंटच्या ठोकळ्यात गाडतात, म्हणजे ते पाणी कुठे जाणार, तिथेच पाईप आतून खातं. बाहेरून रंग छान, आतून कागद. झाकण लावलं तरी घाम धरून थोडं पाणी होतंच, म्हणून खालचं टोक जमिनीपासून दोन इंच वर ठेवा, किंवा अगदी खाली, क्लॅम्पपासून लांब, ६ मिमीचं एक भोक ठेवा आणि दर मे महिन्यात त्यातून काडी फिरवा. सिमेंटमध्ये बसवायचाच असेल तर सिमेंटचा माथा पाईपपासून बाहेर उतरता करा, खळगा राहू देऊ नका.

जीआय सोडून बाकीचं काय. अॅल्युमिनियम मला वरच्या टप्प्यासाठी आवडतो, तेवढ्याच मापाच्या लोखंडाच्या एक तृतीयांश वजन, गंजून लाल होत नाही, गुलालवाडी-किका स्ट्रीटकडे विचारलं तर मिळून जातो. पण घेताना मिश्रधातू विचारा, एचई ३० म्हणा, खिडकीच्या सेक्शनवाला मऊ माल मास्टला नको. तो लोखंडाच्या तिप्पट लवतो, त्यामुळे तोल गेल्यासारखा डोलताना दिसेल, त्याने घाबरू नका पण पूर्ण मास्ट त्याचा करायचा असेल तर व्यास मोठा घ्या. आणि लोखंडाला किंवा तांब्याला तो थेट टेकू देऊ नका, खाऱ्या दमट हवेत दोन धातू चिकटले की अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतो, मधे रबर किंवा जाड प्लास्टिकची पट्टी घाला. स्टेनलेस उत्तम पण महाग, आणि समुद्राजवळ ३०४ ग्रेडवर सुद्धा चहाच्या डागांसारखे डाग येतात, तिथे ३१६ ग्रेड लागतो. पूर्ण पाईपला तेवढे पैसे घालण्यापेक्षा नट-बोल्ट आणि यू क्लॅम्प स्टेनलेसचे घ्या, आट्यांना थोडं ग्रीस लावा नाहीतर नट मधेच जाम होतो आणि मग कापावा लागतो.

पीव्हीसी पाईपवर उभा मास्ट करू नका, उन्हात मऊ पडून एका बाजूला झुकतो आणि चार-पाच वर्षांत ठिसूळ होतो, खिडकीत एफएमचा छोटा डायपोल धरायला ठीक. परांचीचे जुने पाईप रे रोडजवळच्या दारूखाना भागातल्या भंगार बाजारात किलोवर स्वस्त मिळतात, मापाने ते दीड इंचीच, ४८.३ वाले, आणि जाडीही चांगली असते, पण प्रत्येक पाईप जमिनीवर लोळवून बघा, वाकडा असेल तर लगेच कळतं, आणि टोकातून मोबाइलचा टॉर्च मारून आत पापुद्रे दिसले तर परत ठेवा. खुर्च्या-टेबलांचा पातळ १६ किंवा १८ गेजचा पाईप, म्हणजे १.६ किंवा १.२ मिमी, कितीही व्यासाचा असला तरी नको, क्लॅम्प घट्ट करतानाच चेपतो.

बांबूबद्दल विचारतात, फील्ड डेला (हॅम लोक उघड्यावर रेडिओ लावतात त्या दिवशी), वीकेंडला गावी तार टांगायला बांबूसारखं स्वस्त आणि सोपं काही नाही, पण कायमचा म्हणून बिल्डिंगवर नको.

पाईप धातूचा आहे याचा अँटेनावर परिणाम होतो, हे घेण्याआधीच ठरवायला हवं. टू मीटरचा उभा अँटेना पाईपच्या टोकाच्या वर चढवला तर काही अडचण नाही. पण उभा डायपोल पाईपच्या बाजूला लावायचा असेल तर आडव्या हाताने निदान अर्धा मीटर लांब ठेवा, १४५ मेगाहर्ट्झला पाव वेव्हलेंथ तेवढीच होते, जवळ राहिला तर पाईप एका बाजूचा सिग्नल ओढून घेतो आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळलाय त्याचं माप) बसता बसत नाही. उभ्या काड्यांचा यागी मधोमध लोखंडी पाईपवर धरला तर त्याचं गणित बिघडतं, तो मागच्या टोकाला धरा किंवा वरचा शेवटचा टप्पा फायबरग्लासचा घ्या. चाळीस मीटरच्या इन्व्हर्टेड व्ही ला, ज्याची तार एकूण वीस मीटरच्या आसपास असते, खालचा लोखंडी पाईप फारसा त्रास देत नाही, फक्त मधला पॉइंट पाईपला चिकटवू नका, फूटभर बाहेर काढा.

परवानगी आणि सुरक्षितता मी शेवटी लिहितोय पण करायची आधी. १३ मे २०२४ ला घाटकोपरला धुळीच्या वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं आणि १७ माणसं गेली, तेव्हापासून गच्चीवर काहीही उंच उभं राहताना दिसलं की सोसायटीला धास्ती वाटते आणि ती धास्ती रास्त आहे. सेक्रेटरीला हॅम रेडिओच्या लायसन्सची झेरॉक्स, पाईपचं माप, क्लॅम्प कुठे, वजन किती, असं एका कागदावर लिहून द्या, हाताने काढलेली आकृती जोडा. मी हे केल्यावर आमच्या कमिटीने एका मीटिंगमध्ये होकार दिला, आधी दोन वर्षं नुसतं तोंडी विचारत होतो तेव्हा विषय पुढे ढकलला जायचा. विमानतळाच्या आसपास, पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर, जुहू भागात उंचीची मर्यादा असते, तुमची बिल्डिंग आधीच त्या मर्यादेला टेकलेली असू शकते, ते विचारून घ्या.

जवळून उघड्या विजेच्या तारा जात असतील तर मास्टच्या पूर्ण उंचीच्या निदान दीडपट अंतर सोडा, म्हणजे उभा करताना हातातून सुटला तरी तारेवर जाणार नाही. रेल्वे लाइनला लागून राहणाऱ्यांनी तर फारच जपा, लोकलच्या वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि तिथे हात लागायचीही गरज नाही, पाईप जवळ गेला तरी पुरे. मास्टच्या बुडाशी २५ बाय ३ मिमीची जीआय पट्टी जोडून बिल्डिंगच्या अर्थिंगला न्या, हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, बाथरूमच्या नळाला वायर गुंडाळून अर्थिंग होत नाही. वळवाचे ढग पूर्वेकडून गडगडायला लागले की कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, रेडिओपासून काढून ठेवा.

उभा करायचा दिवस शक्यतो सकाळचा ठेवा, दुपारी समुद्राचा वारा सुटतो. तीन माणसं हवीत, एक बुडाशी पाय लावून, एक उचलायला, एक दोरीवर. क्लॅम्प आधी सैल बसवून ठेवा, पाईप आत घातला की ओळंबा दोन दिशांनी धरून बघा, आणि मगच नट आवळा. खुणेसाठी प्रत्येक नटावरून पाईपपर्यंत ऑइल पेंटची एक बारीक रेघ ओढून ठेवा, पुढच्या मे मध्ये वर जाल तेव्हा रेघ जुळत नसेल तो नट सैल झालाय हे पाना न लावता दिसतं. त्याच दिवशी वरच्या क्लॅम्पच्या आजूबाजूला पाईपवर छोट्या हातोडीने टकटक करा, चांगल्या पाईपचा आवाज घंटेसारखा येतो, जिथे तो बसका येईल तिथे रंग खरवडून बघा, आणि आत तपकिरी निघालं तर पाऊस सुरू व्हायच्या आधी अँटेना खाली घ्या.